इल्यास उस्ताच्या साझाचे पडदे

मस्कतच्या वादी अदाईतल्या आमच्या घराला दोनच खोल्या होत्या, पण शांतता अशी तिथे कधी नसायची. खिडकीतला जुना एसी दिवसरात्र घोरत असायचा, मागच्या उघड्या तपकिरी डोंगरावर शेळ्या चढल्या की त्यांच्या पायांखालचे दगड गडगडत आमच्या भिंतीपर्यंत यायचे, आणि संध्याकाळी गाला भागातल्या कारखान्यातून बाबांना सोडायला आलेली कंपनीची पिकअप दोनदा हॉर्न द्यायची. हॉर्न ऐकला की आई टॉवेल घेऊन दारात उभी. बाबा सुतार. आमच्या गावी त्यांना रघू मेस्त्री म्हणायचे, इथेही मालवणी माणसं तेच म्हणत. अंगभर लाकडाचा भुसा घेऊन ते यायचे. "थंयच उभे रवा," आई म्हणायची, आणि उंबऱ्याबाहेरच त्यांच्या पाठीवर, खांद्यांवर टॉवेल झटकायची. बाबा डोळे मिटून, हात पसरून उभे. मग हसून म्हणायचे, "झाला काय? येव आत?" त्या भुशाचा वास मला आजही येतो, कधी कधी अगदी भलत्या ठिकाणी. दुकानात, लिफ्टमध्ये.

पुढच्या खोलीत पेटी होती. बाबांनी गावाहून येताना स्वतः खोका बनवून, आत आईच्या जुन्या लुगड्यांच्या घड्या कोंबून ती आणली होती. मी सुट्टीत गावच्या भजनीबुवांकडे थोडं शिकले, मग रुवीत एका बाईंकडे दोन वर्षं. गणपतीत आरत्यांना, कोणाकडे सत्यनारायण असला तर भजनाला, पेटीवर मीच असायचे. तबल्यावरचे सावंतकाका कोणालाही सांगत, "मेस्त्र्याच्या चेडवाचो कान म्हणजे कान." हे मी इतक्यांदा ऐकलं होतं की माझा त्यावर पूर्ण विश्वास बसला होता. बारावी झाली होती, पुढे काय करायचं ते ठरत नव्हतं, आणि त्या एका वर्षात माझ्याजवळ स्वतःचं म्हणावं असं तेवढंच होतं. माझा कान.

इल्यास उस्ता आमच्या घरी आले ते बाबांमुळे. मस्कतात एक तुर्की हॉटेल नवीन उघडत होतं, त्याच्या गल्ल्यामागची लाकडी जाळी बाबांनी केली. जाळी बसवायला गेले तेव्हा कोपऱ्यात एक म्हातारा माणूस लांब दांड्याचं, पोट फुगलेलं वाद्य घेऊन गात बसलेला त्यांना दिसला. बाबा हातातला पटाशीचा दांडा तसाच धरून ऐकत राहिले म्हणे. गाणं संपल्यावर ते जवळ गेले आणि त्या वाद्याच्या पोटावर बोटाने टिचकी मारली. म्हाताऱ्याने रागावून वर बघितलं. बाबांनी कान टेकवला, परत टिचकी मारली आणि म्हणाले, "उस्ता, ये लकड़ी कौन सा?" तुर्कीत कसबी कारागिराला उस्ता म्हणतात हे बाबांना तिथल्या कामगारांकडून कळलं होतं. म्हाताऱ्याने सांगितलं, तुतीचं, आणि वाद्याचं नाव साझ. आणि मग बाबांच्या हातातल्या पटाशीकडे बघून म्हणाला, "तुम भी उस्ता." तेव्हापासून ते दोघे एकमेकांना उस्ताच म्हणत. आम्हीही. घरी आल्यावर बाबांनी आईला हे सगळं सांगितलं, वर म्हणाले, "आमच्याकडे वीणा फणसाची करतत, ह्यांच्याकडे तुतीचां लाकूड. पण नाद बघशीत तर ऱ्हवतलंस."

उस्ता दर गुरुवारी दुपारी आमच्याकडे जेवायला येऊ लागले. संध्याकाळी त्यांचं हॉटेलात गाणं असायचं, त्याआधी. येताना कधी तिळाचा पाव, कधी खारवलेल्या ऑलिव्हची बरणी. आईने पहिल्यांदा ऑलिव्ह तोंडात घातलं तो चेहरा मला आठवतो. "ह्यां काय, मिठातलां कच्चां करवंद?" पण पुढे तिने त्याचं खोबरं घालून काहीतरी तिखट केलं आणि उस्तांनी ते बोटं चाटून खाल्लं. आंबोळी त्यांना फार आवडायची. सोलकढी मात्र ते औषधासारखी, डोळे बंद करून प्यायचे आणि वर आईला हात छातीशी नेऊन धन्यवाद द्यायचे. ते बोलायचे एक मोडकीतोडकी हिंदी, तिच्यात अरबी, तिच्यात तुर्की. मला किझिम म्हणायचे. म्हणजे माझी मुलगी.

जेवणानंतर भिंतीला टेकून ते जे सांगत, त्यातूनच मला त्यांचं आयुष्य कळलं, तेही तुकड्यातुकड्यांनी, पुढचं आधी आणि मागचं नंतर. उघड्या माळावरच्या एका गावात त्यांचे वडील मेंढ्या राखायचे. सात वर्षांचे असताना एका लग्नात त्यांना पालथ्या घातलेल्या तांब्याच्या हंड्यावर उभं करून गायला लावलं होतं, कारण नाहीतर ते दिसलेच नसते. पुढे लग्नांत गाणं हाच धंदा झाला. पुढे इस्तंबूल. पुढे कॅसेट. त्यांच्या प्रांतातल्या प्रत्येक ट्रकात, प्रत्येक बसमध्ये एके काळी त्यांचीच कॅसेट वाजायची, ते चहाच्या टपरीवर उतरले की कोणी पैसे घेत नसे. सगळ्यात गाजलं ते गाणं लग्न होऊन डोंगरापलीकडे गेलेल्या मुलीचं होतं. मुलगी गेली, पण तिने वाढवलेली शेळी रोज संध्याकाळी फाटकाशी येऊन उभी राहते, एवढंच त्या गाण्यात होतं. "शेळीचं गाणं वाजवा," आई सांगायची, आणि आमच्या मागच्या डोंगरावरच्या शेळ्यांकडे हात करायची. उस्ता खूप हसायचे.

मग बायको गेली. ती गेली तेव्हा ते दोन गावं पलीकडे एका लग्नात गात होते. निरोप आला, पण शब्द दिला होता म्हणून त्यांनी पहाटेपर्यंत गाणं पुरं केलं आणि मग घरी गेले. हे त्यांनी एकदाच सांगितलं, परत कधी नाही. मग गाण्याची फॅशन बदलली, बटणांची वाद्यं आली, बसवाल्यांनी कॅसेटी बदलल्या. आणि मग कान. डॉक्टरने सांगितलं होतं की दोन्ही कान हळूहळू जाणार, आणि जाता जाता सूरही वेडेवाकडे ऐकू येतील. भाचा केमाल याने मस्कतात हॉटेल काढलं, त्याने मामाला बोलावून घेतलं.

वरचे बारीक सूर त्यांना आताच नीट ऐकू येत नव्हते. म्हणून दर गुरुवारी ते तारा लावताना मला समोर बसवायचे. खुंटी पिळायची, तार छेडायची, माझ्याकडे बघायचं. "किझिम, ठीक?" मी म्हणायचे, "थोडा ऊपर, उस्ता." परत पिळायचे. "अब?" "अब ठीक." हॉटेलात ते लोकांना सांगत, माझे कान वादी अदाईत राहतात.

एका गुरुवारी ते आले ते साझ घोंगडीत गुंडाळून, आजारी पोराला आणावं तसा. हॉटेलात कोणाचं तरी मूल धावत आलं, खुर्चीवर टेकवलेला साझ पडला, दांडा पोटाला मिळतो तिथे उभी चीर गेली होती. आणि नेमका आठच दिवसांवर त्यांचा कार्यक्रम. केमालने एका तुर्की बांधकाम कंपनीच्या कॅम्पात शुक्रवारी दुपारी मामाचं गाणं ठरवलं होतं. तिथे ते ध्वनिमुद्रित करायचं आणि टेप इस्तंबूलला त्यांच्या जुन्या कॅसेटवाल्याकडे धाडायची. त्याला आवडलं तर तो परत बोलावणार होता. एक शेवटची कॅसेट. उस्ता हे सांगताना आमच्याकडे न बघता घोंगडीची कड सारखी करत होते.

बाबा म्हणाले, "उस्ता, मुश्किल नहीं. इन्शाल्ला, हो जाएगा."

अर्बाबाच्या, म्हणजे मालकाच्या, कारखान्यात खासगी काम चालत नसे, शिवाय तिथली धूळ, म्हणून बाबांनी ते काम घरी घेतलं. सगळी हत्यारं पुढच्या खोलीत आली, आईने कुरकुर न करता चटई अंथरली. बाबांची एक पद्धत होती. मोजपट्टीच्या आकड्यांवर ते भरवसा ठेवत नसत. दार असो की दिवाण, एक बारीक लाकडी पट्टी घ्यायची, ती वस्तूला लावायची आणि चपट्या सुतारी पेन्सिलने सगळ्या जागा पट्टीवर उतरवून घ्यायच्या. साझाच्या दांड्यावर सतारीसारखेच पडदे असतात, पण ते पितळेचे नसून तंगुसाचे, म्हणजे मासेमारीच्या नायलॉन दोऱ्याचे, दांड्याभोवती गुंडाळून गाठ मारलेले. चीर सांधायची तर ते सगळे कापून काढणं भाग होतं. कापण्याआधी बाबांनी पट्टी लावून एकेका पडद्याची जागा उतरवली, श्वास रोखून, जणू कोणाच्या अंगावरचे टाके मोजतायत. मग सरस घातला, दोरीने करकचून आवळलं, तीन दिवस हात लावू दिला नाही. दोरी सोडल्यावर पट्टीवरच्या खुणा परत दांड्यावर घेतल्या आणि मला गाठ शिकवली. माझी बोटं बारीक, म्हणून पडदे मी बांधायचे ठरलं.

पाच-सहा पडदे झाले असतील, अर्बाबाचा फोन आला. कुठल्यातरी व्हिलाचं दार अडकलं होतं. बाबा पायात चप्पल घालता घालता म्हणाले, "खुणेर बांध गो. खुणेच्या भायर जाव नको."

सगळे पडदे बांधून झाल्यावर मी पेटी पुढे ओढली. कोणी सांगितलं नव्हतं. मला वाटलं, बाबांनी जागा लाकडाच्या हिशोबाने लावल्या, मी त्या सुराच्या हिशोबाने बघेन. तार पेटीच्या षड्जाशी मिळवली आणि एकेक पडदा दाबून, एकेक पट्टी वाजवून बघत गेले. बहुतेक सगळे जुळले. चार जुळेनात. एक तर कोमल रिषभही नव्हता आणि शुद्धही नव्हता, दोघांच्या मध्येच कुठेतरी लोंबकळत होता. बाकीचे तीनही तसेच, अधलेमधले. मला हसू आलं. खरंच आलं, हे लिहायलाच हवं. मी मनात म्हटलं, बिचारे उस्ता, एका डोळ्यात मोतीबिंदू, कान असे, पडदे सरकून सरकून कुठे गेले हेही त्यांना कळलं नाही, आणि बाबांनी ते सरकलेलेच उतरवून घेतले. मी ते चार पडदे पेटीशी जुळेपर्यंत सरकवले, शेजारच्या पडद्यांना जवळजवळ भिडेपर्यंत. खालच्या पेन्सिलच्या खुणा पॉलिशपेपरने पुसल्या. आठवड्यानंतर टेप इस्तंबूलला जाईल तेव्हा तिच्यातला सूर शुद्ध असेल आणि तो माझ्यामुळे, असा विचार करत मी आईला मोठ्याने चहा टाकायला सांगितला.

संध्याकाळी बाबांनी दांड्यावरून अंगठा फिरवला. "खुणेरच बांधलंस मा?"

"हो."

हे पहिलं खोटं. एवढ्याशा "हो"ने पुढचं सगळं अडवून धरलं.

मंगळवारी उस्ता साझ न्यायला आले. सांधा त्यांनी बोटांनी चाचपला, त्यांना तो सापडलाच नाही, तेव्हा त्यांनी बाबांचा हात उचलून कपाळाला लावला. बाबा अवघडून गेले. मग उस्ता मांडी घालून बसले आणि वर छताकडे बघत वाजवू लागले. वाजवताना ते कधीच दांड्याकडे बघत नसत. बोटं जुन्या सवयीने जुन्या जागी पडत होती, आवाज मात्र मी बांधलेल्या पडद्यांचा निघत होता. ते थांबले. परत सुरुवात केली. परत तिथेच थांबले. त्यांनी उजव्या कानावर तळवा दाबला, सोडला, मग डाव्या.

"किझिम, ठीक?"

"ठीक, उस्ता. एकदम ठीक." तेव्हा मी खरंच तसं मानत होते.

त्यांनी साझ खाली ठेवला. मग मान हलवली. "डॉक्टर सच बोला," ते म्हणाले, जणू हवेला सांगत होते. आईने मुद्दाम आंबोळ्या केल्या होत्या. त्यांनी एकच खाल्ली. "काय झालां त्येंका?" आईने नंतर विचारलं. बाबा म्हणाले, "कार्यक्रमाची धास्ती. दुसरां काय."

बुधवारी सकाळी घरात मी एकटी होते. उस्तांनी दिलेली त्यांची जुनी कॅसेट मी लावली, कव्हरवर तरुण उस्ता, भलीमोठी मिशी. ती मी आधीही कितीदा ऐकली होती आणि तिच्याबरोबर पेटी वाजवायचा प्रयत्नही केला होता. काही जागा मला कधीच जमायच्या नाहीत, मी त्या सोडून पुढे जायचे. त्या दिवशी शेळीच्या गाण्याच्या आधी साझ एकटाच वाजतो तो तुकडा लागला आणि माझा हात पेटीवरच थांबला. तोच सूर. कोमल नाही, शुद्ध नाही. आणि तो चुकून आलेला नव्हता. ते पुन्हा पुन्हा त्याच्यावर येत होते, त्याच्यावर टेकत होते, तिथून उठत होते. तिथेच ती शेळी उभी होती. मी कॅसेट मागे नेऊन पाच-सहा वेळा ऐकली. पेटीच्या दोन पट्ट्यांमध्ये बोट घालून बघितलं. तिथे काहीच नव्हतं, फक्त फट. मला तोपर्यंत कोणी सांगितलंच नव्हतं की माझ्या पेटीत नसलेला सूरही सूर असतो.

मला सांगायला दोन दिवस होते. कार्यक्रम शुक्रवारी. चार गाठी सैल करून सरकवायच्या, अर्ध्या तासाचं काम. बुधवारी संध्याकाळी बाबा पटाशीला धार लावत बसले होते.

"बाबा."

"काय गो?"

"... चहा घेणार?"

"आत्ताच घेतलंय मा. तूच दिलंस."

गुरुवारी उस्ता जेवायला आले नाहीत. केमालचा निरोप आला, मामा सराव करतायत. मला कळलं ते कुठल्या सुराचा सराव करतायत. त्या दिवशी मी जेवले, भांडी घासली, डोळ्यांत काजळही घातलं. आज लग्नानंतरच्या, अमेरातच्या घरात बसून हे लिहिताना मी त्या मुलीला समजून घ्यायचा प्रयत्न करते. ती बाबांना घाबरत होती का? बाबांनी तिला आयुष्यात कधी बोट लावलं नाही. ती घाबरत होती ती सावंतकाकांच्या त्या वाक्याला. तो कान काढून घेतला असता तर तिच्याजवळ काही उरलं नसतं. हे कारण आहे, सबब नाही. आणि मनाच्या एका कोपऱ्यात तिने ठरवूनही टाकलं होतं की एवढा मोठा माणूस, त्याला आपोआप कळेल.

कॅम्पाच्या जेवणाच्या हॉलमध्ये दोनशे तरी माणसं असतील. शुक्रवारची नमाज पढून, अंघोळी करून, इस्त्रीचे शर्ट घालून आलेली. आत भाजलेल्या मटणाचा आणि साबणाचा वास. आम्ही तिघं पहिल्या रांगेत. उस्तांनी काळा कोट घातला होता, कॅसेटच्या कव्हरवर होता तसाच. समोरच्या टेबलावर केमालने रेकॉर्डर ठेवला आणि बटण दाबलं. माणसं टाळ्या वाजवून, पाय आपटून शेळीचं गाणं मागत होती. त्यातल्या कितीतरी जणांच्या बापांच्या ट्रकात ते वाजलं असेल.

उस्तांनी सुरुवात केली. आवाज बरोबर त्या जागी गेला, त्यांच्या गळ्यात तो सूर होताच. साझ त्याच्या बाजूला वेगळाच बोलला. ते अडखळले, परत वरून आले. आता त्यांनी गळा साझाकडे ओढायला बघितलं आणि गाणं मधोमध फाटलं. रांगेत चुळबुळ झाली. मागून एक टक्कल पडलेला माणूस काहीतरी ओरडला, दोघे-तिघे हसले. केमाल आमच्याकडे वाकून म्हणाला, "वो बोलता है, साझ सुर से बाहर है."

उस्तांनी हात वर केला. सगळे गप्प झाले. मग त्यांनी साझ मांडीवर आडवा घेतला आणि सगळ्यांना कळावं म्हणून आधी तुर्कीत काही सांगितलं, मग माझ्याकडे वळले.

"मेरा कान बूढ़ा," ते म्हणाले. "ये लड़की का कान जवान. ये झूठ नहीं बोलती. किझिम, तुम बोलो. साझ ठीक है?"

बाबा माझ्या शेजारी होते. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. दोनशे माणसं पाहत होती. रेकॉर्डरची टेप फिरत होती, तिचा बारीक करकर आवाज मला ऐकू येत होता.

मी म्हटलं, "ठीक है, उस्ता."

ते माझ्याकडे बघून हसले. अगदी प्रेमाने, मला धीर द्यावा तसे. मग लोकांकडे वळून एक वाक्य बोलले. केमालने ते आम्हाला सांगितलं नाही. आईनेच विचारलं, "काय म्हणाले?" तेव्हा तो खाली बघत म्हणाला, "बोला, माफ करो, साझ ठीक है. मैं खराब हो गया."

तो टक्कलवाला पुढे आला, त्याने गुडघ्यावर बसून उस्तांचा हात ओठांना, मग कपाळाला लावला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. खूप वाजवल्या. उस्तांनी स्वतः वाकून रेकॉर्डरचं बटण बंद केलं.

बाहेर गाडीपाशी त्यांनी साझ बाबांच्या हातात दिला. "उस्ता, तुमने बनाया. तुम रखो."

"नहीं नहीं, उस्ता..."

"खलास," ते म्हणाले. आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी खाली बघत होते, मला फक्त त्यांचे बूट दिसत होते, नुकतेच पॉलिश केलेले.

ते परत हॉटेलात गायला बसले नाहीत. महिन्याभरात गावी गेले. केमालकडून बाबांना कळत असे. चहाच्या टपरीवर बसतात. भाचीच्या लग्नात सगळ्यांनी हातापाया पडून सांगितलं, गायले नाहीत. म्हणाले, माझे कान मस्कतात राहिले, ते सांगायचे तेव्हाच मला सूर कळायचा. तिसऱ्या हिवाळ्यात गेले. झोपेतच. केमालने सांगितलं तेव्हा बाबा हॉटेलाच्या त्या जाळीला हात टेकून बराच वेळ उभे राहिले होते म्हणे.

पेटी मी हळूहळू सोडली. कान दुखतो म्हणायचे. नवल म्हणजे बाबांनी एकदाही कारण विचारलं नाही. आणि त्यांनी पुन्हा कधी कोणाच्या वाद्याला हात लावला नाही. सावंतकाका तबल्याचं फुटकं खोड घेऊन आले तर म्हणाले, "माका वाद्यातलां काय कळना नाय." आम्हाला वाटलं, मित्राचं दुःख. पुढे माझं लग्न झालं, मी अमेरातला राहायला आले, लेक झाली, आणि मग बाबा आईला घेऊन कायमचे गावी गेले. जाताना साझ चादरीत बांधून माझ्याकडे ठेवला. "ह्यो तुझ्याकडेच ऱ्हवांदे," एवढंच म्हणाले. आता तेही नाहीत, आईही नाही.

गेल्या हिवाळ्यात गालातला तो कारखाना बंद झाला. बाबांच्या हाताखाली शिकलेले एक मल्याळी मेस्त्री तिथे शेवटपर्यंत होते, त्यांनी फोन केला. बाबांचा हत्यारांचा खोका इतकी वर्षं त्यांनी सांभाळला होता. मी घरी आणून तो उघडला. पटाश्या, रंधा, आईने शिवलेली खिळ्यांची पिशवी. तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक बारीक पट्टी. तिच्यावर बाबांच्या वेड्यावाकड्या अक्षरात, सुतारी पेन्सिलने, "इल्यास". एका कडेला पडद्यांच्या खुणा. ती मी ओळखली. मग ती उलटी केली. दुसऱ्या कडेलाही खुणा होत्या, तशाच, त्याच अंतराने. फक्त चार वेगळ्या. त्या चारांपाशी बाबांनी बारीक फुल्या मारल्या होत्या.

म्हणजे कार्यक्रमानंतर साझ घरी आल्यावर त्यांनी पट्टी लावून बघितली होती. कधी? तो आमच्याकडे आला त्याच संध्याकाळी, उस्ता अजून मस्कतात असताना? की ते गावी गेल्यावर, कधीतरी सहज? उस्ता मस्कतात असताना बघितली असेल, तर बाबांनी एका बाजूला मित्र आणि एका बाजूला मी असं ठेवून निवड केली होती. मला वाटतं तसंच झालं असणार. त्यांना वाट बघवत नसे, काम हातावेगळं झालं की त्याच दिवशी ताडून बघायचे. आणि मग वीस-पंचवीस वर्षं ते माझ्याकडे जेवले, माझ्या लेकीला खांद्यावर घेऊन फिरले, आणि एक शब्द बोलले नाहीत. मी त्यांच्यापासून लपवत होते. ते माझ्यापासून लपवत होते की त्यांना माहीत आहे. आता कोणाला विचारू?

रमझान ईदच्या सुट्टीत मी साझ कपाटातून काढला. मुत्रहच्या बाजारातून तंगूस आणला. बाबांची पट्टी दांड्याला लावली आणि पहिल्या कडेच्या खुणांवर ते चार पडदे नव्याने बांधले. गाठ हातांना आठवत होती. माझी मुलगी ईरा शाळेत गिटार शिकते, ती शेजारी येऊन बसली. मी तार छेडली, दुसरा पडदा दाबला आणि तो सूर आला, अधलामधला, जिथे तो होता तिथेच. मी परत छेडला.

ईराने फोन समोर धरला. त्यात सूर तपासायचं काहीतरी असतं, बरोबर असला तर हिरवं होतं.

"आई, बघ ना, रेड दाखवतंय," ती म्हणाली. "हा नोट... म्हणजे, हा ऑफ आहे. नीट कर ना तो."

मी पडद्यावरून बोट काढलं नाही.

"नाही," मी म्हटलं. "ठीक आहे. एकदम ठीक."